पिढ्यावरून सहा

१० जुलै २००५, रविवार

आज ब.ऊ. सहा झाल्या. ब.ऊ. म्हंजे बस-ऊठ. पुरं लिहाले गेलं तं अर्धी ओळ त्यातच जाते, म्हनून मीच हे बारकं नाव ठेवलं.

रोशनीचा फोन बरोबर आठले आला. देवरावची पोरगी, माही एकुलती एक नात. नागपूरले डाक्टरकी शिकते, सुई टोचनारी नाई, हातपाय चालवनारी. तिच्या सरनं काम देल्लं हाय का म्हाताऱ्या लोकाइचे हातपाय कसे चालतात ते त्याइच्या घरीच पाहाचं, दवाखान्यात आनाचं नाई. फोनवरून. मी म्हनलं, "फोनवरून पाय कसा दिसन वं?" तं म्हने, "दिसत नाई आजी, म्हनून तं तू सांगाचं. मी घड्याळ पाहीन, तू मोज." म्हंजे डाक्टरीन अर्धी ते आन अर्धी मी. दुसऱ्या वर्गापर्यंत शिकलेली बाई अर्धी डाक्टरीन झाली.

लाल बटन दाबलं का तिचा आवाज घरभर होते. कोंबडी भ्याली आन चुलीमांगं जाऊन बसली. रोशनी कागदावरून वाचून राह्यली: "आसनावर बसा, पाठ टेकवा, हात छातीवर बांधा." मी पिढा ओढला, भिंतीले टेकली, हात बांधले. "सुरू!" अर्ध्या मिनिटात सहा. मंग एका पायावर. उजवा पाय तीस मोजेपर्यंत, तिनंच म्हनलं बस कर. डावा पाय वीस.

डा.पा. वीस (खां.).

खां. म्हंजे खांब. बोटानंच धरला होता, थोडासा. हे मी वहीच्या मांगच्या बाजूनं लिहून राह्यली. पुढची बाजू रोशनीची हाय, तिथी रोज दोन ओळी लिहाच्या, माहा हात कसा चालते ते तिले नंतर पाहाचं हाय. तिथी लिहिते, 'आज पानी आलं. भात केला.' मांगची बाजू माही.

१२ जुलै, मंगळवार

पोस्टमन सायकल घेऊन दारात. "बाई, तुमाले नागपूरचं पाकीट." अख्ख्या गल्लीनं पाह्यलं. मी बी मुद्दाम अंगनातच उघडलं.

आतमंदी जिलेबीचे कागद. छापलेली जिलेबी हाय, तिच्यावरून पेनानं फिरवत जाचं, रेषेच्या बाहेर नाई. हात कापते का ते समजते म्हने. बाप्पा, मी जन्मभर जाळं विनलं, ढिवराच्या घरची हाय, सुतळीची गाठ डोळे मिटून मारते. पयली जिलेबी बरोबर गेली. दुसरीले मन भरेना तं भोवती पाकळ्या काढल्या. तिसरीच्या चार कोपऱ्यात चार मासोळ्या. चौथा कागद तं पुरा रांगोळीचा चौकच झाला.

पाठवून देल्ले तसेच. तपासा म्हना.

१७ जुलै, रविवार

ब.ऊ. सहा. उ.पा. तीस. डा.पा. वीस (खां.).

रोशनी हसून हसून बेजार. "आजी, सर म्हनते ह्या जिलेबीले मार्क कसे देऊ?" मी म्हनलं, "खाऊन पाहाले सांग."

हे सारं कशानं सुरू झालं ते लिहून ठेवते. जून महिन्यात तलावाच्या पाळेवरून पाय घसरला. डावी बाजू काळी-निळी, आठ दिवस खाटेवर. मी कोनाले सांगितलं नाई. पर माही जाऊ गिरजा, तिच्या पोटात पानी राहात नाई, ते गेली दुकानात आन चंद्रपूरले देवरावले फोन लावला. दुसऱ्या दिवशी देवराव हजर, तिसऱ्या दिवशी हा फोन हजर. बिनवायरचा काडीवाला फोन हाय, खिडकीजवळच आवाज पकडते, म्हनून घरातली एकच खुर्ची होती ते त्याले देल्ली. आता फोन खुर्चीवर बसते आन घरधनीन पिढ्यावर.

जाता जाता देवराव म्हने, "माय, इथी एकटी राहू नको. मंग पाहू." हे 'मंग पाहू' मले आवडलं नाई.

२० जुलै, बुधवार

दिवसभर धानाचा रोवना लावला. बारा बाया, मी तेरावी. चिखलाच्या गाऱ्यात पिंडरीपर्यंत पाय, कमरेत वाकून. कोनी म्हनलं नाई का बुढे, तू बांधाच्या धुऱ्यावर बस. धुऱ्यावर गिरजा बसली होती काठी घेऊन, तिथून साऱ्याइले हुकूम सोडून राह्यली. "रांग वाकडी गेली वं!" मी म्हनलं, "गिरजाबाई, तू उतर खाली आन सरळ कर." उतरली नाई.

गारा डाव्या पायाले काही बोलत नाई. दोन्ही पाय धरून ठेवते. घसरगुंडी पाळेवर हाय.

२४ जुलै, रविवार

ब.ऊ. सहा. डा.पा. वीस (खां.).

आज रोशनी हसली नाई. विचारलं, तं आधी सांगे ना. मंग म्हने, "आजी, बाकीचं सारं तुहं चांगलं हाय. पाय बी वीस मोजेपर्यंत राह्यते. पर बस-ऊठ लय कमी हाय. तुह्या वयाच्या मानानं. सर म्हनते, मांड्यात ताकद राह्यली नाई, पडाचा धोका हाय."

"माह्या मांड्यात? तुह्या सरले म्हना बुधवारी कुठी होता?"

"आजी, मी आकडा लिहिते फक्त."

सायंकाळी देवरावचा फोन. त्याले कागद दिसला असन. आवाज मऊ करून बोलते तवा मले समजते का काहीतरी आनून ठेवलं हाय पोटात. "माय, पोळ्याले मी घ्याले येतो. इथलं घर बंद करू. कोंबड्या गिरजाकाकूले देऊन टाक."

कोंबड्या बी वाटून मोकळा झाला.

त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर हाय. मी गेली होती, सून चांगली हाय, गरम गरम वाढते. पर दार उघडलं का समोरच्याचं दार. तीन दिवसात मले बसून बसून मुंग्या आल्या. बालकनीतून खाली पाह्यलं तं लोकाइचे टक्कलच दिसे. त्या टकलाइकडे पाहत मराचं का मी?

नाई जानार.

२५ जुलै, सोमवार

सकाळी सकाळी पिढ्याले लाथ मारली. अंगठा दुखून राह्यला.

नाई म्हंजे नाई.

३१ जुलै, रविवार

हप्ताभर मेहनत केली. सकाळी दहा, दुपारी दहा, कोंबड्या कोंडल्यावर दहा. गुडघे असे बोलतात का जसं कोनी सरपन मोडून राह्यलं. आज ब.ऊ. सात.

सात! मी वरडूनच सांगितलं. रोशनी म्हने, "शाब्बास आजी," पर तिचा आवाज काही शाब्बासवाला नव्हता. सात बी कमीच हाय म्हने.

मंग कितीक पाहिजेत वं तुमाले? बेंडकी मांगवा.

डा.पा. वीस (खां.). इथी मेहनत केली नाई. खांबाले कायची मेहनत.

६ ऑगस्ट, शनिवार

लिहाले बसली तं रागानं पेन कागदाच्या आरपार जाऊन राह्यला. जिलेबी काढाले लावा आता.

रोशनीनं तिच्या अभ्यासासाठी गावातले आनखी लोक मांगितले होते. गिरजेच्या घरी बी आता फोन आला हाय, पोरगा मास्तर हाय नं. आज गिरजा दारात आली, काठी टेकत टेकत, पानाची पिचकारी मारली आन म्हने, "माह्या अकरा झाल्या."

"काय अकरा?"

"बस-ऊठ. तुह्या नातीनं फोनवर मोजल्या. तुह्या किती वं?"

मी सांगितलं नाई. माह्यापेक्षा चार वर्सानं मोठी, काठीबिगर संडासले जात नाई, धानाच्या बांधीत उतरत नाई. अकरा! म्हनलं, हे लबाडी हाय. म्हनलं, "चाल, माह्यासमोर करून दाखव." तिच्या घरी गेली. तिनं लुगडं सावरलं, काठी भिंतीले उभी केली आन मास्तराच्या लोखंडी खुर्चीवर बसली. उठली. बसली. उठली. जसं पाखरू फांदीवरून उडते.

मी पाहतच राह्यली. मंग म्हनलं, "गिरजा, तू खुर्चीवर काऊन बसली?"

"मंग कुठी बसू? रोशनी म्हने आसनावर बसा. मास्तर म्हनला, आसन म्हंजे खुर्ची."

आसन म्हंजे खुर्ची! आसन म्हंजे पिढा. पूजेले बसतो ते आसन, जेवाले बसतो ते आसन. लग्नात नवरदेव-नवरीले आसन देतो तवा कोनी खुर्ची आनते का? खुर्ची म्हंजे खुर्ची. गिरजेच्या घरी मी बी खुर्चीवरून उठून पाह्यलं. काहीच नाई! बसलं का अर्धा उभाच असते मानूस.

गिरजेले विचारलं, पिढ्यावरून उठून दाखव. ते म्हने, "मी काय येडी हाय?"

७ ऑगस्ट, रविवार

आज आठ वाजाची वाट नाई पाह्यली. पावने आठलेच मीच लावला.

"रोशनी, तुह्या कागदावर खुर्ची लिहिली हाय का आसन?"

"आसन. काऊन आजी?"

"मी पिढ्यावरून उठून राह्यली महिनाभर."

मंग हळूच म्हने, "आजी... पिढा म्हंजे तो लाकडी? जेवाले बसतो तो?"

"तोच."

"तू त्याच्यावरून, हात बांधून, अर्ध्या मिनिटात सात बार उठली?"

"पयले सहा. सात मांगच्या हप्त्यात."

"अवं आजी वं," म्हने, आन हसली का रडली ते मले समजलं नाई. "माह्याच्यानं होनार नाई. थांब, पाहते." धपकन काहीतरी झालं. तिच्या खोलीत पिढा नाई, पुस्तकाचा गठ्ठा ठेवून बसली होती, तो सरकला. पडली पोट्टी. बावीस वर्साची. लागलं नाई म्हने.

मंग मी खुर्ची घेतली आन फोन पिढ्यावर ठेवला. पर फोन खाली गेला का त्याचा आवाज जाते. तीन बार लाईन कटली. शेवटी फोन खिडकीतच टोपलीवर चढवला. मोजल्या. चौदा.

गिरजा अकरा. मी चौदा. हे ओळ पुढच्या बाजूले बी लिहिली, मोठ्या अक्षरात.

९ ऑगस्ट, मंगळवार

खुद्द सरचा फोन. आवाज गोड हाय, पुस्तकातून बोलल्यावानी.

"नमस्कार आजी. मी रोशनीचा शिक्षक. तुमचा पिढा किती इंच उंच आहे?"

"इंच मले समजत नाई. एक वीत."

"म्हणजे तुमच्या हाताची वीत?"

"मंग का तुमच्या?"

हसला बिचारा. म्हने, आमची चूक झाली आजी, आम्ही शुद्ध शब्द शोधत बसलो. मी म्हनलं, "खुर्ची म्हनाले जीभ जड होते का?" रोशनी मांगून "आजी, आजी" करून राह्यली. मी म्हनलं, बोलू दे वं, पयल्यांदा कोनी मोठा मानूस मले 'चूक झाली' म्हनून राह्यला. तो म्हने, आता कागदावर नवीन प्रश्न टाकू, कशावर बसता आन ते किती उंच. आन खेड्यातल्या साऱ्या लोकाइले पुन्हा विचारू. कोन जाने किती म्हाताऱ्याइले ह्याइनं पिढ्यापाई कमजोर ठरवलं.

देवरावले मीच फोन केला. सारं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आन म्हने, "माय, फोनवर कोनबी सांगन चौदा. कोनं पाह्यलं?"

"मी खोटं बोलते का?"

"तसं नाई म्हनलं. पर पाळेवरून तू घसरली हे तं खरं हाय नं? ते बी तू मले सांगितलं नव्हतं."

फोन ठेवून देला मी. लाल बटन तीन बार दाबलं, राग जाईना.

१४ ऑगस्ट, रविवार

पिढ्यावरून सात. खुर्चीवरून चौदा. आता दोन रकाने झाले.

डा.पा. वीस (खां.).

आज खांब धरला तवा बरं नाई वाटलं. आधी वाटे का फोनच हाय, त्याले कायचे डोळे. आता देवरावचं ते वाक्य कानात बसलं हाय. खुर्चीचं मी खरं बोलली आन त्यानं मानलं नाई. खांबाचं मी खोटं बोलते आन ते साऱ्याइनं मानलं.

पर सांगितलं तं मले नेतेच. मंग काऊन सांगू?

नाई सांगत.

३ सप्टेंबर, शनिवार, पोळा

देवराव आला. चंद्रपूरहून बसनं, गडचिरोली करत, हातात माह्यासाठी रिकामी पेटी. पेटी पाहून मी विचारलं, "हे कायले?" तं म्हने, "असू दे." अंगनात ठेवली. कोंबडी तिच्यावर चढून बसली, मी हाकलली नाई.

पोळी वाढली. पोट भरलं तवा म्हनलं, "तुले पाहाचं हाय नं? पाह्य. पर आधी तू बस."

"मी?"

"हो गा, तू. बेचाळीसचा हाय, मी अडुसष्टची. ये, हा पिढा."

फोन लावला. रोशनी नागपूरहून, "बाबा, हात छातीवर. पाठ टेकव. सुरू!"

पयल्यांदा उठला झोकात. दुसऱ्यांदा प्यांटाची शिलाई बोलली. तिसऱ्यांदा भिंत धराले गेला तं गिरजा दारातून वरडली, "धरनं चालत नाई रे देवराव!" सारे हसले. मी बी हसली, पर ते वाक्य मले खडा लागल्यावानी लागलं.

चार. देवराव चारवर खाली बसला तो बसलाच. मंग मी केल्या. सात. त्याच्या डोळ्यासमोर, पदर खोचून. खुर्चीवरून चौदा. रोशनी फोनवर मोजे, गिरजा दारात मोजे, दोघीइचा आकडा एकच.

देवराव पोट धरून हसला, डोळ्यात पानी येईपर्यंत. लहान होता तवा असा हसे. सायंकाळी दिवे लावाच्या आधी उंबऱ्यावर बसला होता, तवा हळूच बोलला. "बाच्या येळी नदीले पूर होता, माय. मी तिकडच्या काठावर दोन दिवस बसलो. पोचलो तवा सारं झालं होतं. तुह्या येळी मले तसं नाई पाहिजे." हे त्यानं सतरा वर्सात कधी तोंडातून काढलं नव्हतं. मले वाटे त्याले माह्या रांधन्यावर भरोसा नाई, माह्या पायावर नाई. भरोसा त्याले नदीवर नव्हता.

मंग म्हने, "ठीक हाय. राह्य. मी रोशनीचा कागद पुरा पाह्यला. बस-ऊठचं आज डोळ्यानं पाह्यलं. आन डावा पाय घसरला होता, तोच वीस मोजेपर्यंत राह्यते लिहिलं हाय. मंग मले काही म्हनाचं नाई."

पेटी उचलून घरात ठेवली, म्हने तुले कपडे ठेवाले होईन. सकाळच्या बसनं जानार हाय.

मी जिंकली. मस्त जिंकली. आन पोळी गोड लागे ना.

४ सप्टेंबर, रविवार

देवराव सहाच्या बसनं गेला. आठले रोशनी.

मी म्हनलं, "आज आधी डावा पाय घे."

खांबापासून दूर गेली, चार हात. अंगनाकडं तोंड केलं. पाय उचलला. रोशनी मोजे, "एक, दोन, तीन..." पाय टेकला माहा.

"पुन्हा मोज."

चार.

"पुन्हा."

तीन.

"आजी, काय झालं? चक्कर येऊन राह्यली का? मांगच्या हप्त्यात वीस होते!"

"चक्कर नाई. मांगच्या हप्त्यात खांब होता."

तिले समजाले येळ लागला. मंग म्हने, "कवापासून?"

"पयल्या दिवसापासून."

चिडली पोट्टी. अशी चिडली! "आजी, आसनाची चूक आमची होती. ते चूक होती. हे चूक नाई, हे खोटं हाय. आठ हप्त्याचे आकडे मी साफ अक्षरात लिहून सरले देल्ले. मी तुह्यासाठी भांडली त्याइच्यासंग, का माही आजी खोटं बोलत नाई. आता काय तोंड दाखवू?" मी ऐकत राह्यली. माह्या अख्ख्या खानदानात इतकं खडखडीत कोनी बोललं नाई मले, तिचा आजा बी नाई. डोळ्यात पानी बी होतं आन आतून वाटे, वा गं वा, हे माही नात हाय.

थंड झाली तवा डाक्टरीनीसारखं बोलली. डावा पाय उचलताना कमरेतून दुखते का. पाय जड वाटते का, का मुंग्या येतात. बोटं हलवून सांग. टाच उचल. मी सारं खरं सांगितलं. दुखते. जूनपासूनच दुखते. म्हने, "ह्याले मेहनत लागते, आन एक बार दवाखान्यात हाडाचा फोटो काढा लागन." मंग, "आता खांब धरूनच उभी राह्य रोज. आज चार बोटं. हप्त्यानं तीन."

मांगच्या बाजूची (खां.) आता पुढच्या बाजूले लिहाची हाय. हुकूम हाय डाक्टरीनचा.

"बाबाले मी सांगू?"

"नाई. खोटं मी बोलली, सांगीन मी."

दुपारी देवराव चंद्रपूरले पोचला असन तवा लावला. गोल गोल नाई बोलली. म्हनलं, "वीस खोटे हायेत. तीन खरे हायेत. सात आन चौदा बी खरे हायेत. तू काल जे पाह्यलं ते खरं, कागदावर वाचलं ते खोटं. आता तुले सारं मालूम हाय. आन मी येनार नाई."

मांगं सुनेच्या बांगड्याचा आवाज. मंग म्हने, "मंगळवारी बोलतो, माय."

ह्या बार फोन त्यानं आधी ठेवला.

६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी खांबाशी चार बोटानं उभी राह्यली. मंग तीन करून पाह्यलं, हप्ता व्हाचा होता तरी.

तलाव सांडव्यावरून वाहून राह्यला, बायाइसंग गेली होती. पाळेवरून नाई, खालच्या रस्त्यानं गेली. लांब पडते. गिरजा म्हने, "काऊन वं, घाबरली?" म्हनलं, "हो, पाळेले घाबरली. तुले नाई." पाव टोपलं बारीक मासोळ्या भेटल्या, आन थोडे झिंगे. आता साफ करून मीठ-हळद लावून ठेवल्या.

देवराव काय म्हनन ते मले मालूम नाई. नेतो म्हनन तं मी काय बोलाचं ते ठरवलं हाय. रोशनीनं सांगितली ते मेहनत मी करीन. फोटो काढाले येईन, एक दिवस, जाऊन वापस. खालच्या रस्त्यानं जाईन. दर रविवारी खरा आकडा सांगीन, तीन असन तं तीन, दोन असन तं दोन. पर घर बंद करनार नाई. पाय माहा हाय, घसरला बी माहाच, आन त्यानं कुठी उभं राहाचं ते बी मीच सांगीन. नदी आडवी आली तं आली. ते त्याच्या बी हातात नाई, माह्या बी नाई, आन तिसऱ्या मजल्यावर नेऊन नदी काही आटत नाई. हे त्याले कसं सांगू तेच जमून नाई राह्यलं. दोन बार मनात बोलून पाह्यलं, दोन्ही बार भांडन झाल्यावानी निंगालं. भांडाचं नाई मले. पर वाकाचं बी नाई.

फोन वाजून राह्यला.

हाताले मासोळ्याइचा वास हाय, पेनाले बी वास लागन. तोच असन. वाजू दे जरासा, हात धुते आन